फॅक्टरीचं फ्लोअरिंग: फुटाच्या भावामागचा हिशेब

भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या मामेभावाचं मशीन शॉप आहे. पाच हजार स्क्वेअर फुटांची शेड, सहा सीएनसी, दोन व्हीएमसी आणि तीन टनी फोर्कलिफ्ट. ज्या कंपनीला तो माल देतो, तिच्या ऑडिटमध्ये फ्लोअरवर शेरा आला. कोब्याची धूळ उडते, तेलाचे डाग आहेत, गँगवेच्या रेषा पुसल्या गेल्यात. त्यानं तीन ठेकेदारांकडून कोटेशन मागवली आणि तिन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. पहिलं ४२ रुपये फूट, दुसरं ९५ आणि तिसरं १४५. कामाचं वर्णन तिन्हींवर एकच होतं, ‘इपॉक्सी फ्लोअरिंग’.

"दादा, पाच हजार फुटांत पाच लाखांचा फरक पडतोय. यातला मला फसवतोय कोण?"

कारखान्यांची सिव्हिल कामं बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. त्या तिघांत फसवणारा कुणीच नव्हता. तिघं तीन वेगळ्या वस्तू विकत होते आणि घेणाऱ्यानं काय हवं ते सांगितलंच नव्हतं. फ्लोअरिंगच्या धंद्यात ‘फुटाला किती’ हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आपल्या फ्लोअरवरून किती वजन फिरतं, त्यावर काय सांडतं, खालचा कोबा कसा आहे आणि शेड किती दिवस बंद ठेवता येईल, या चार गोष्टी आधी ठरल्या की भाव आपोआप लागतो.

पहिल्यांदा जाडी विचारा. ४२ रुपयांत प्रायमर आणि वर दोन हात कोटिंग होतं, एकूण जाडी ३०० मायक्रॉन, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढी. ९५ रुपयांत २ मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंग होतं. १४५ मध्ये ३ मिलिमीटर जाडी, शिवाय डायमंड ग्राइंडिंग, तेलाचा बंदोबस्त, तडे आणि सांधे भरणं हे सगळं धरलेलं होतं. पहिल्या दोघांच्या कागदावर ‘सरफेस क्लीनिंग’ एवढा एकच शब्द होता. खरा फरक त्याच एका शब्दात होता, त्याकडे पुढे येतो.

जाडी कागदावर लिहून घेतली तरी ती प्रत्यक्ष पडली का, हे कळायला एक सोपा हिशेब आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर माल. पाच हजार फूट म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटर. दोन मिलिमीटर हवे असतील तर ९३० लिटर लागणार. सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सीचं लिटरचं वजन फिलरसकट दीड-पावणेदोन किलोच्या आसपास असतं. नेमका आकडा त्या मालाच्या डेटा शीटवर छापलेला असतो. म्हणजे दीड टनाच्या आसपास माल साइटवर उतरायला हवा आणि प्रायमर त्यावेगळा. टेम्पोतून सहाशे किलो उतरले, तर दोन मिलिमीटर होणारच नाहीत, मग ठेकेदार काहीही सांगो. डबे उतरताना मोजा, रिकामे झाल्यावर पुन्हा मोजा आणि काम संपेपर्यंत एकही डबा गेटबाहेर जाऊ देऊ नका. याला दोन तासांची हजेरी लागते, पैसा काहीच लागत नाही.

आता ‘सरफेस क्लीनिंग’. इपॉक्सी म्हणजे शेवटी चिकटणारा थर. तो खालच्या कोब्याला जेवढा धरून राहील तेवढंच त्याचं आयुष्य. नव्या कोब्याच्या माथ्यावर सिमेंटच्या दुधाची कमकुवत साय असते. जुन्या कोब्याच्या माथ्यावर तेल, धूळ, जुने रंग असतात. हा सगळा थर डायमंड ग्राइंडरनं किंवा शॉट ब्लास्टिंगनं उतरवून खालचं खरखरीत, निरोगी काँक्रीट उघडं करावं लागतं. वरवर झाडू मारून, थिनरनं पुसून केलेलं काम पहिले तीन महिने आरशासारखं दिसतं. मग फोर्कलिफ्ट वळते त्या जागी चाकाखाली त्याचा पापुद्रा सुटतो, आणि एकदा कड सुटली की पॅलेट ट्रक रोज त्यात भर घालतो. ग्राइंडिंगचा खर्च कोब्याच्या अवस्थेप्रमाणे फुटाला आठ-दहा रुपयांपासून वीसपर्यंत जातो. इतर कुठेही काटकसर करा, इथे करू नका.

या टप्प्यावर माणसांचा विचारही करायला हवा. ग्राइंडिंगची धूळ म्हणजे बारीक सिलिका, ती फुप्फुसात गेली की परत निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून त्या धुरळ्यात उभी असलेली पोरं मी अनेक शेडमध्ये पाहिली आहेत आणि दर वेळी पोटात कालवतं. ग्राइंडरला जोडलेला व्हॅक्यूम, नीट बसणारे मास्क, इपॉक्सीच्या हार्डनरसाठी हातमोजे आणि कामगारांचा विमा, या गोष्टी कोटेशनमध्ये लिहून मागा. त्यासाठी फुटाला दोन रुपये जास्त गेले तर जाऊ द्या. तुमच्या छपराखाली काम करणाऱ्या माणसाची जबाबदारी ठेकेदाराइतकीच तुमचीही आहे.

मामेभावाच्या शेडमध्ये आम्ही दोन साध्या चाचण्या केल्या. पहिली थेंबाची. कोबा पुसून घ्यायचा, त्यावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि दोन मिनिटं बघायचं. पाणी शोषलं जाऊन डाग गडद झाला तर कोब्याची तोंडं उघडी आहेत. थेंब मोत्यासारखा जागच्या जागी बसून राहिला तर खाली तेल किंवा जुनं सीलर मुरलं आहे. गँगवेत पाणी लगेच शोषलं गेलं. जुन्या दोन लेथ जिथे बारा वर्षं उभ्या होत्या, तिथे थेंब हललासुद्धा नाही. बोटभर खोल छिद्र पाडलं तरी आत काळपट, तेलकट भुकटी निघाली. अशा जागेवर कुठलंही कोटिंग टिकत नाही. डिग्रीझरनं धुतलं तरी खालचं तेल पुन्हा वर येतं.

दुसरी चाचणी ओलाव्याची. ऑगस्ट महिना होता. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे चार तुकडे घेतले, शेडच्या चार भागांत कोब्यावर ठेवले आणि चारी कडा रुंद टेपनं हवाबंद केल्या. किमान सोळा तास ठेवायचे असतात, आम्ही संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी बघितले. पुढच्या तीन जागा कोरड्या होत्या. मागच्या भिंतीजवळच्या तुकड्याला आतून दवासारखे थेंब लागले होते आणि खालचा कोबा गडद झाला होता. टेप सोडवली तेव्हा प्लॅस्टिकवरून पाणी ओघळून माझ्या मनगटावर आलं. बाहेर जाऊन पाहिलं तर मागच्या भिंतीला लागून पावसाचं गटार, गाळानं अर्धं भरलेलं. ते पाणी प्लिंथखालून मुरत होतं. जुन्या शेडमध्ये कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद घातलेला सहसा नसतो, त्यामुळे जमिनीतली वाफ थेट वर येते. इपॉक्सी वाफ बाहेर जाऊ देत नाही. मग थराखाली दाब साठतो आणि फोड येतात. असा फोड ब्लेडनं कापला की आतून चक्क पाणी निघतं. साधारण नियम असा की कोब्यातला ओलावा वजनाच्या चार टक्क्यांपेक्षा कमी असल्याशिवाय नेहमीचं इपॉक्सी टाकू नये. चांगल्या ठेकेदाराकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं, ते तुमच्यासमोर लावायला सांगा. नवा कोबा असेल तर २८ दिवस थांबावंच लागतं, शिवाय यंत्रावरचा आकडाही खाली यायला हवा.

हवेतला दमटपणा हा त्याहून वेगळा शत्रू आहे. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर सुमारे २५ अंशांवर दव धरतं. फ्लोअरचं तापमान त्याच्या वर किमान ३ अंश असायला हवं, म्हणजे कोबा २८ च्या वर पाहिजे. पावसाळी सकाळी सावलीतला कोबा तेवढा तापत नाही. अशा वेळी टाकलेल्या इपॉक्सीवर पांढरट, चिकट थर धरतो आणि चमक जाते. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलंच बरं. अगदीच अडलं असेल तर शेड बंद करून डीह्युमिडिफायर लावावे लागतात आणि त्याचं भाडं तुमच्याच बिलात येतं.

एवढं सगळं बघून झाल्यावर मी मामेभावाला एकच प्रश्न विचारला, "सगळ्या शेडला इपॉक्सी कशाला?" सीएनसीभोवती गरम, धारदार चिप्स पडतात, कूलंट सांडतं, लोखंडी स्टूल सरकतात. तिथे चकचकीत इपॉक्सी वर्षभरात ओरखड्यांनी भरून जातं. ऑडिटवाल्याला हवी होती धूळ न उडणारी, पुसता येणारी, रेषा आखलेली जागा. म्हणून आम्ही शेड तीन भागांत वाटली. गँगवे, असेंब्ली आणि इन्स्पेक्शन मिळून १,८०० फुटांवर २ मिलिमीटर इपॉक्सी. मशीनभोवतीच्या आणि स्टोअरच्या २,९०० फुटांवर ग्राइंडिंग, डेन्सिफायर आणि पॉलिश. आणि तेल मुरलेल्या ३०० फुटांत वरचा खराब थर फोडून काढून इपॉक्सी मॉर्टरनं भरणं.

डेन्सिफायर हा शब्द बऱ्याच जणांना नवा वाटतो. ते सिलिकेटचं पाण्यासारखं पातळ द्रावण असतं. सिमेंटमध्ये जो मोकळा चुना उरलेला असतो, त्याच्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि ज्या पदार्थामुळे सिमेंट मुळात घट्ट होतं तोच पदार्थ कोब्याच्या छिद्रांत तयार होतो. वर वेगळा थर नसल्यामुळे सुटून येण्याजोगं काहीच नसतं, खालची वाफही मोकळी निघून जाते. मात्र मूळ कोबा ठणठणीत हवा. कच्चा, भुसभुशीत कोबा डेन्सिफायरनं पक्का होत नाही. आणि आम्लापुढे याचा टिकाव लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

हिशेब असा बसला. इपॉक्सी १०० रुपयांनी १,८०,०००. डेन्सिफायर-पॉलिश ४० रुपयांनी १,१६,०००. मॉर्टर १८० रुपयांनी ५४,०००. तडे, सांधे आणि पिवळ्या पट्ट्या ४०,०००. बेरीज ३,९०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,६०,२००. सगळ्या शेडला १४५ चा भाव घेतला असता तर जीएसटीसकट साडेआठ लाखांच्या वर गेलं असतं, आणि मशीनभोवतीचं पुन्हा खराब झालं असतं ते वेगळंच. ४२ रुपयांचं काम अडीच लाखांत झालं असतं खरं, पण तेल मुरलेल्या जागी आणि मागच्या ओल्या भिंतीजवळ ते पहिला पावसाळाही काढू शकलं नसतं.

ज्यांची शेड अजून उभी राहायची आहे, त्यांनी मात्र इपॉक्सीचा विचार बाजूला ठेवून आधी जमिनीकडे बघावं. वाळूज असो की सोलापूर, आपल्याकडे बऱ्याच प्लॉटवर काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. ती काढून मुरूम भरायचा, तोही सहा-आठ इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि रोलर फिरवून. तीन फूट भराव एकदम ओतून वरून एकदा रोलर फिरवला तर वरचा सहा इंच दबतो, खालचा तसाच पोकळ राहतो. दोन पावसाळ्यांत भराव बसतो आणि वरचा लाखोंचा कोबा अधांतरी राहून तडकतो. मुरमावर नऊ इंच सोलिंग, त्यावर चार इंच पीसीसी, त्यावर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद आणि मग ट्रायमिक्स, अशी नेहमीची रचना असते. प्लॅस्टिकच्या कागदाला फुटाला दोन-चार रुपये पडतात. मामेभावाच्या शेडमध्ये बारा वर्षांपूर्वी तो घातला असता तर माझं मनगट कोरडं राहिलं असतं.

ट्रायमिक्समध्ये काँक्रीट ओतून, व्हायब्रेटर फिरवून, वरून चटई अंथरून व्हॅक्यूम पंपानं जास्तीचं पाणी ओढून घेतात आणि मग पॉवर फ्लोटर, पॉवर ट्रॉवेलनं घोटाई करतात. याचा खर्च जाडीवर जातो आणि जाडी वजनावर. तीन टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन साडेचार टनांच्या आसपास असतं. पुऱ्या लोडनं उभी राहिली की साडेसात टनांपैकी साडेसहा टन पुढच्या दोन चाकांवर येतात. म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर सव्वातीन टन. पाच हजार फुटांना सहा इंच जाडीनं सुमारे ७० घनमीटर काँक्रीट लागतं, सहा घनमीटरच्या मिक्सरच्या बारा गाड्या. घनमीटरला साडेपाच हजार धरले तर नुसतं काँक्रीट फुटाला ७७ रुपये होतं. जाडी पाच इंचांवर आणली तर तेरा रुपये वाचतात. पण काँक्रीटची वाकणं सोसायची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. पाचाचा वर्ग पंचवीस, सहाचा छत्तीस. त्या एका इंचानं ताकद ४४ टक्क्यांनी वाढते. एम २५ ऐवजी एम ३० घेतलं तर फुटाला चार-पाच रुपयेच जास्त पडतात. पैसे वाचवायचे असतील तर वरच्या चमकदमकीत वाचवा, या दोन ठिकाणी वाचवू नका. मजुरी, मशीन, जाळी, हार्डनर धरून सहा इंची ट्रायमिक्स फुटाला सव्वाशे ते पावणेदोनशेच्या घरात जातं, आणि खालचा भराव, सोलिंग, पीसीसी त्याशिवाय.

काँक्रीट पडायच्या दिवशी मालकानं स्वतः गेटवर थांबावं असं मी नेहमी सांगतो. मिक्सरच्या चलनावर माल भरल्याची वेळ असते, त्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. पसरायला सोपं जावं म्हणून मजूर मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडतात, तो बंद करायला लावा. त्या एका पाइपनं एम ३० चे पैसे वाहून जातात. प्रत्येक दिवसाच्या मालाचे सहा-सहा इंची क्यूब भरून घ्या, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी लॅबमधून त्यांची ताकद काढून घ्या. वरून टाकायचा हार्डनर चौरस मीटरला तीन ते पाच किलो लागतो. चार किलो धरले तर या शेडला पंचवीस किलोच्या चौऱ्याहत्तर गोण्या होतात. इथेही रिकाम्या गोण्या मोजायच्या. धातूमिश्रित हार्डनर जास्त झीज सोसतो, पण पाणी साचणाऱ्या जागी गंजतो, तिथे साधाच बरा.

काँक्रीट आकसणारच. ते कुठे तडकावं हे आपण ठरवायचं, म्हणून ग्रूव्ह कापतात. सहा इंची कोब्याला साधारण चार ते साडेचार मीटरवर, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके खोल, आणि काँक्रीट कापण्याजोगं झालं की लगेच, चोवीस तासांच्या आत. कटरवाला ‘परवा येतो’ म्हणाला तर काँक्रीट त्याची वाट बघत नाही, ते आपल्या मनानं तडकतं. खांबाभोवती कोबा मोकळा ठेवायचा, मध्ये फोमची पट्टी घालायची. आणि मग पाणी. बाजारात बहुतेक पीपीसी सिमेंट असतं, त्याला किमान दहा दिवस ओल लागते. गोणपाट अंथरून किंवा मातीचे आळे करून पाणी भरून ठेवा. यासाठी एक माणूस दहा दिवस ठेवायचा खर्च सात-आठ हजार रुपये. सगळ्या कामात एवढ्या कमी पैशांत एवढं जास्त देणारी दुसरी बाब मला माहीत नाही, आणि सर्वात जास्त हयगय होते ती इथेच.

दूध डेअरी, मसाला, बेकरी, मासळी प्रक्रिया अशा कारखान्यांचं गणित निराळं. तिथे गरम पाण्यानं, वाफेनं रोज धुलाई असते, दुधाचं आम्ल कोबा खातं, आणि नेहमीचं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. तिथे सहा ते नऊ मिलिमीटरचं पीयू काँक्रीट लागतं, फुटाला दोनशेपासून साडेतीनशेपर्यंत. ते महाग वाटलं तरी इपॉक्सी दोनदा करण्यापेक्षा स्वस्तच पडतं. शंभर फुटांत एक फूट उतार आणि भिंतीकडेची गोलाई याच भावात आहे का ते विचारा, बऱ्याचदा ते ‘एक्स्ट्रा’ म्हणून बिलात उगवतं. लोटे, तारापूरकडच्या ज्या युनिटमध्ये तीव्र आम्लं हाताळतात, त्यांनी सांडणाऱ्या रसायनांची नावं, त्यांची तीव्रता आणि तापमान लिहून देऊनच कोटेशन मागवावं.

आता बंद दिवसांचा खर्च. हा कुठल्याच कोटेशनवर नसतो. ग्राइंडिंग दोन दिवस, दुरुस्ती आणि प्रायमर दोन, थर एक, आणि जड रहदारीसाठी पूर्ण पक्कं व्हायला सात. मामेभावाच्या हिशेबानं शेड बंद असली की दिवसाला चाळीस हजारांची मिळकत बुडते. सगळी शेड बारा दिवस बंद म्हणजे पावणेपाच-पाच लाख, खुद्द फ्लोअरिंगपेक्षा जास्त. म्हणून काम दोन टप्प्यांत केलं. अर्ध्या शेडमध्ये काम आणि उरलेल्या अर्ध्या मशीन तीन पाळ्यांत. ठेकेदारानं दोनदा यायचे पंचवीस हजार जास्त मागितले, ते आनंदानं दिले. सगळ्यात धुळीचं ग्राइंडिंग भोसरीच्या गुरुवारच्या सुट्टीला बसवलं. दिवाळीच्या सुट्टीत काम उरकायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तेव्हा चांगले ठेकेदार आधीच बुक झालेले असतात आणि त्यांची निष्णात माणसं दिवाळी-छठला गावी जातात. उरलेल्या नवख्या हातांनी काम ओढलं जातं. आम्ही डिसेंबर निवडला. तोपर्यंत मागचं गटार साफ करून बाहेरून प्लिंथला वॉटरप्रूफिंग केलं होतं, आणि प्लॅस्टिकचा तुकडा त्याच जागी पुन्हा लावून तो कोरडा निघाल्याची खात्री करून घेतली होती.

करारात काय असावं? थराची जाडी मिलिमीटरमध्ये, मालाचं नाव आणि डेटा शीट, ग्राइंडिंगची पद्धत, सांधे आणि तड्यांचा भाव रनिंग फुटात, मशीनखालची जागा मापातून वजा होणार की नाही, वीज-पाणी कुणाचं, आणि जीएसटी भावात आहे की वर. हा शेवटचा मुद्दा नीट बघा, पाच लाखांवर नव्वद हजार होतात. फ्लोअरिंगचा खर्च इमारतीत भांडवली धरला तर त्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. दुरुस्ती म्हणून खर्ची टाकता येत असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. काम सुरू व्हायच्या आधी सीएला विचारा, बिल आल्यावर नव्हे. ठेकेदाराच्या बिलातून टीडीएस कापायचा आहे का, तेही त्याच वेळी विचारून घ्या. पैसे एकदम देऊ नका. माल साइटवर उतरला आणि मोजला की चाळीस टक्के, प्रायमर झाल्यावर तीस, काम संपल्यावर वीस, आणि दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. ‘पाच वर्षांची गॅरंटी’ यापेक्षा हे दहा टक्के ठेकेदाराला तुमच्या दारात लवकर आणतात. चांगला ठेकेदार या अटीला कुरकुरत नाही, मात्र पावसाळा गेल्यावर त्याचे पैसे त्याला न मागता द्यायची शिस्त आपणही पाळायला हवी.

ताबा घेताना मी हातात लाकडी दांड्याची छोटी हातोडी घेतो आणि फूट-फूट अंतरावर हलके ठोके देत चालतो. घट्ट धरलेला थर टणक वाजतो, सुटलेला भदभद वाजतो, कान दहा मिनिटांत तयार होतो. मामेभाव खडू घेऊन मागे होता. गँगवेत दोन आणि असेंब्लीच्या दारात एक, अशा तीन जागा पोकळ वाजल्या. ठेकेदारानं तिथेच कापून चौकोन काढले, खालून घासले आणि दुसऱ्या दिवशी भरून दिले. शिल्लक मालाचा एक पूर्ण संच, म्हणजे रेझिन आणि हार्डनर, पुढच्या दुरुस्तीसाठी मागून घेतला. डब्यांवरचे बॅच नंबर कागदावर लिहून तो कागद स्टोअरच्या कपाटाला आतून चिकटवला.

पायी चालायला दुसऱ्या दिवशी मोकळीक दिली, हातगाडीला तिसऱ्या. फोर्कलिफ्टला मात्र पूर्ण सात दिवस बंदी होती. पाचव्या दिवशी डिस्पॅचची घाई झाली, सुपरवायझरनं दोनदा येऊन विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याला पॅलेट ट्रकनं बाजूच्या दारातून माल काढायला लावलं. फोर्कलिफ्टची चावी आठव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मामेभावाच्या खिशात होती.